मधल्या दोन वर्षांची मापं

शिंप्याची लेक काय करते म्हणाल, तर बर्फाचं माप घेते. गल्लीला याचं अजून हसू येतं. उपग्रह बर्फावरून ठरावीक रेषांनी जातो. त्या रेषांवर बर्फाची उंची किती घटली-वाढली ते कळतं, मधला सगळा प्रदेश कोरा. तो आजूबाजूच्या आकड्यांवरून अंदाजाने भरायचा, हे तिचं काम. त्या दिवशी मात्र ती साहेबांची बोलणी खाऊन आली होती. नकाशा तिने छान भरला, पण अंदाज कुठे किती चुकू शकतो, ते लिहायलाच विसरली.

बाबा दुकान कायमचं आवरत होते. ती मदतीला बसली, आणि मापांच्या जुन्या वहीत तिचं पान निघालं. दर वाढदिवसाचं माप शाईने लिहिलेलं, फक्त आठव्या-नवव्याचं पेन्सिलीने.

"ही कुठून आली? मी तर मावशीकडे होते."

आई आजारी पडली तेव्हा तिला तिकडे ठेवलं होतं. दोन वर्षांत बाबा एकदाही फिरकले नाहीत. हे तिने कधी बोलून दाखवलं नाही, पण विसरलीही नाही.

"अंदाजाने लिहिली," बाबा म्हणाले. "आधी वाढत होतीस तशीच वाढली असशील, असं धरलं."

मग त्यांनी फळीवरून एक पिशवी काढली. आत दोन कोरे फ्रॉक.

"पाठवले का नाहीत?"

"स्वतः घेऊन येणार होतो. आज निघू, उद्या निघू... तुझ्या आईला सोडून पाय निघेना." त्यांनी एक फ्रॉक उलगडला. "परत आलीस तेव्हा दहावं लागलं होतं तुला. पाठमोरी उभी होतीस, हळूच लावून पाहिला. नवव्याचा फ्रॉक चार बोटं मोठा! माझा अंदाज असा चुकत नाही गं. तेव्हा कळलं, पोरीच्या अंगी तिकडचं अन्न लागलं नाही."

मावशीकडे घास गिळवत नव्हता, हे कुणालाच कळलं नाही असं तिला इतकी वर्षं वाटत होतं.

तिने पेन्सिल घेतली आणि नवव्या वर्षासमोर लिहिलं, 'चूक चार बोटं.'

"उठा बाबा, टेप काढा. माझं माप घ्या."

"आता कुठली वाढतेस?"

"आडवी वाढलेय की!"

हसता हसता बाबांनी बाहीला डोळे पुसले. तिच्या खांद्याला टेप लावली, आकडा दोनदा वाचला आणि शाईचं पेन शोधायला लागले.