लाभपाचमीची आवृत्ती

पद्माचं नाव काढायचं हे अनय पोतनीसने दिवाळीच्या आधीच ठरवलं होतं. धैर्यशीलला त्याने ते सांगितलं लाभपाचमीच्या सकाळी, आणि तेही फाफड्याचा घास तोंडात असताना.

"धैर्यशीलभाई, साल मुबारक. एक नानुं, अगदी छोटं काम आहे. आज मुहूर्तावर पॅकेजच्या फाईलमध्ये ऑथर बदलायचा. पद्माबेनच्या जागी माझं नाव. तुम्ही कमांड टाईप करून ठेवा, एन्टर मी मारीन."

धैर्यशील जगतापने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. ओठाच्या कोपऱ्याला पपईचा संभारा लागला होता.

"का बदलायचा?"

"अरे, त्या आता नाहीत ना. कस्टमर स्क्रीनवर नाव वाचतात आणि फोन करतात, या बेनशी वात करायची आहे म्हणून. काय सांगायचं? नव्या वर्षात अपशकुन वाटतो. आणि जुना चोपडा कोण पुढे चालवतो?"

लहरीपुरा दरवाजाजवळ साडीच्या दुकानावर अनयचं ऑफिस होतं. ते वजनकाट्याचा प्रोग्रॅम विकायचे. ट्रक काट्यावर चढला की आकडा बराच वेळ हलत राहतो. तो थांबला असं केव्हा धरायचं, हेच त्या धंद्यातलं सगळं कसब, आणि तो भाग पद्माने लिहिला होता. त्यासाठी एक अख्खा उन्हाळा ती मकरपुऱ्याच्या काट्यावर छत्री धरून, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. ड्रायव्हर लोक तिला चहा आणून द्यायचे. अनय तिथे एकदाच आला. गाडीची काच चार बोटं खाली केली, उन्हाकडे बघून "बहु तडको छे," म्हणाला आणि काच वर करून निघून गेला. आता त्याला ऑथर व्हायचं होतं.

प्रत्येक प्रोग्रॅमबरोबर एक पॅकेजची फाईल असते. प्रोग्रॅमचं नाव काय, आवृत्ती कितवी, लिहिणारा कोण, आणि तो दुसऱ्या कोणकोणत्या प्रोग्रॅमांवर उभा आहे, एवढं तिच्यात लिहिलेलं असतं. काट्यावरचा संगणक सुरू झाला की लिहिणाऱ्याचं नाव त्या फाईलमधूनच उचलून पडद्याच्या तळाशी दाखवायचा. पद्मा जगताप. सावली गावापासून अंकलेश्वरपर्यंत रोज सकाळी कुठे ना कुठे ते उजळायचं.

चैत्रात ती, धैर्यशीलची बायको, गेली. तेव्हापासून तिचं नाव एकेका ठिकाणाहून उतरत चाललं होतं. गॅसच्या जोडणीवरून उतरलं, बँकेतून उतरलं, आणि प्रत्येक वेळी उतरवायला सही धैर्यशीलचीच लागली. लोक गोड बोलून पेन पुढे करायचे. हा एवढाच एक पडदा राहिला होता, आणि इथेही तयारी त्यानेच करून द्यायची होती.

तो नाही म्हणाला नाही. नाही म्हटलं असतं तर अनयने शिवांगीला बसवलं असतं, आणि त्या पोरीला पद्माने हाताला धरून काम शिकवलं होतं. त्याने कमांडची काळी खिडकी उघडली. सेट, पुढे ऑथर, बरोबरचं चिन्ह, आणि अवतरणात अनय पोतनीस. एन्टर न दाबता तो उठला.

तेवढ्यात अनयचे वडील दिनकरराव जिना चढून आले. खंडेराव मार्केटमधून झेंडूचे हार, खिशात पंचांग. घराणं नागरवाड्यातलं, मराठी. पण धंद्यात पडल्यापासून गुजराती व्यापाऱ्याने करावं त्याच्या दुप्पट ते करत. व्यापारी दिवाळीला चोपड्याची पूजा करून लाभपाचमीला त्यात पहिली नोंद घालतो. हे लॅपटॉपची पूजा करत. गेल्या वर्षी अक्षता कळफलकात गेल्या आणि फाल्गुनापर्यंत 'क' उठेना. यंदा अक्षता ताटलीत ठेवून कुंकू लावलं, ते नेमकं कॅमेऱ्यावर. अनय त्यानंतर दोन वेळा म्हणाला की कॅमेरा बिघडलेला दिसतो.

"जगताप, तू जरा लांब बस हो," दिनकरराव म्हणाले. "तुझं वर्ष सरलं नाही अजून. पूजेच्या वस्तूला हात नको."

धैर्यशील खिडकीपाशी जाऊन बसला.

पूजा झाली. दिनकररावांनी पंचांगात बोट घातलं. "अमृत चौघडिया आहे, पण संपत आलाय. आटप. आधी वर श्री काढ. चोपड्याच्या माथ्यावर श्री हवंच."

अनयने फाईल उघडली. शिवांगी पुढे झाली. "अनयभाई, हाताने नका लिहू. या फाईलला हात लावायचा नाही, काय हवं ते कमांडने सांगायचं, असं पद्माताई म्हणायच्या. एक चिन्ह इकडचं तिकडे झालं तरी ती वाचता येत नाही."

"श्री लिहायला कमांड? देवाचं नाव घ्यायला काय परवानगी काढायची?"

"तसं नाही, पण..."

"बेस ने, बेस. मी पण एके काळी कोडिंग केलंय."

केलं होतं. कॉलेजात, मित्राच्या वहीतून. अनयने पहिल्या महिरपी कंसाच्या वर, अगदी माथ्यावर, दोन उभ्या रेघांमध्ये श्री टाईप केलं आणि फाईल जतन केली. दिनकररावांनी हात जोडले. धैर्यशीलला खिडकीपाशी बसून ती ओळ स्पष्ट दिसत होती आणि पुढे काय होणार तेही दिसत होतं. पण त्याला लांब बसायला सांगितलं होतं. तो लांब बसला.

अनयने काळी खिडकी पुढे घेतली, डोळे मिटले आणि एन्टर मारलं. लाल अक्षरं आली. त्याने कमांड परत आणली आणि आणखी जोरात मारलं. परत लाल. पहिल्यांदा ऐकलं नाही ते दणका दिल्यावर ऐकेल, अशी या जातीच्या माणसांची श्रद्धाच असते. नोकरांवर चालते म्हणून यंत्रावरही चालेल असं त्यांना वाटतं.

"हे काय? माझं नाव का घेत नाही?"

"फाईल कंसापासूनच सुरू व्हावी लागते," शिवांगी म्हणाली. "वर श्री आहे ना, त्यामुळे ती फाईल उरलीच नाही. आता कुठलीच कमांड चालणार नाही. नवी आवृत्तीसुद्धा पाठवता येणार नाही."

तेवढ्यात फोन वाजला. वाघोडियाच्या एका कारखान्यात नवा काटा बसवला होता, तो नव्या आवृत्तीशिवाय चालणार नव्हता. कारखाना आजच उघडला होता. फाटकाबाहेर ट्रक लागले होते आणि माणूस पलीकडून एवढ्या मोठ्याने ओरडत होता की फोन कानाला लावायची गरज नव्हती.

"पाच मिनिट, भाई, पाच मिनिट." अनयने फोन ठेवला. "शिवांगी, पूस ती ओळ."

"खबरदार!" दिनकरराव खुर्चीतून अर्धे उठले. "लाभपाचमीला लिहिलेलं श्री पुसायचं? वर्षभर धंदा बसेल."

शिवांगीने हात मागे घेतला. तिला श्रीचं काही नव्हतं, पण पुढे वर्षभर धंदा बसला तर तो कुणी बसवला हे पोतनीसांच्या घरात ठरलेलं असणार, हे तिला कळत होतं.

"अन्डू करू का, पप्पा?"

"म्हणजे काय?"

"केलेलं मागे घ्यायचं."

"म्हणजे पुसणंच ते. शब्द इंग्रजी वापरला म्हणून काय झालं?"

"मग दुसरीकडे हलवतो. खाली, शेवटी."

"श्री पायाशी? शाबास."

"कालची फाईल जपून ठेवलेली आहे," शिवांगी म्हणाली. "ती परत आणता येईल."

"नव्या वर्षात जुना चोपडा?" हे बाप आणि लेक एकदमच म्हणाले.

इंजिनिअर झालेला मुलगा आणि बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेला बाप, दोघं एका अक्षरापुढे हात चोळत उभे होते. मेलेल्या बाईचं नाव पुसायला त्यांना फाफड्याचा घाससुद्धा गिळावासा वाटला नव्हता.

फोन पुन्हा वाजला. कुणी उचलला नाही. मग दिनकररावांची नजर फिरत फिरत खिडकीपाशी आली.

"जगताप पुसेल," ते म्हणाले. "त्याला यंदा सणच नाही. ज्याला सण नाही त्याला कसला दोष?"

"हां! सही वात!" अनयचा चेहरा उजळला. "धैर्यशीलभाई, या, या."

धैर्यशील उठला नाही. "मघाशी मी हात लावायचा नव्हता."

"ते पूजेपुरतं," दिनकरराव म्हणाले.

"आणि आता?"

"आता पूजा झाली. आता काम आहे. असं काय करतोस?"

"म्हणजे पुण्याला मी चालत नाही, पापाला चालतो."

"शब्दात धरू नकोस बाबा. ट्रक उभे आहेत."

धैर्यशील आला आणि खुर्चीत बसला. त्याने ओळ निवडली आणि पुसली. काही झालं नाही. साडीच्या दुकानातला पंखा खाली घरघरत होता, तो तसाच घरघरत राहिला. पद्मा असती तर एवढी हसली असती की दुकानातल्या बायकांनी वर पाहिलं असतं. हे त्याच्या मनात आलं आणि पुढचे काही क्षण त्याला पडद्यावरचं नीट दिसेना.

फाईल परत वाचता येते का, हे बघायला त्याने कमांड दिली: ऑथर कोण ते सांग. खाली उत्तर आलं. पद्मा जगताप.

"झालं? चला, आता माझं नाव टाका. लवकर."

"थांब!" दिनकररावांचं नाक पंचांगात होतं. "अमृत गेला. काळ लागला."

"म्हणजे?"

"काळ चौघडिया. काळात स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव घालतोस? डोकं फिरलंय?"

अनयने कळफलकावरचा हात असा उचलला की जणू तिथे विंचू होता. आणि फोन तिसऱ्यांदा वाजला.

"ठीक आहे, ठीक आहे. नाव नंतर. आधी हे मोकला, धैर्यशीलभाई."

धैर्यशीलने खुर्ची त्याच्याकडे वळवली. "आहे तसंच पाठवू? एकदा नीट सांगा."

"अरे मोकलो ने, यार! आहे तसंच!"

"आवृत्ती कितवी?"

"दोन-सात-शून्य. आकडे एकेरी, बेरीज सरळ नऊ. अलकापुरीच्या ज्योतिषाने काढून दिलीय, फुकट नाही."

शिवांगीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. धैर्यशीलने तिच्याकडे पाहिलं. तिने तोंडात जिलबी घातली.

आवृत्तीचा आकडा त्याने कमांडनेच बसवला आणि पाठवायची कमांड दिली. एक ओळ आली: वजनकाट्याचं नाव आणि पुढे दोन-सात-शून्य. गेलं. थोड्या वेळाने वाघोडियाचा माणूस फोनवर बऱ्या आवाजात बोलला. काटा चालू झाला होता.

काळ संपून शुभ चौघडिया लागला तेव्हा अनय हात धुऊन परत आला. जेवून आल्यामुळे त्याच्या अंगात पुन्हा मालक शिरला होता.

"चला. आता ते नाव."

"घालतो. पण आवृत्ती नवी लागेल."

"का? तीच परत मोकला. दोन-सात-शून्य."

"एकदा बाहेर गेलेला आकडा परत देता येत नाही. आत एक अक्षर बदललं तरी पुढचा आकडा लागतो. नियमच आहे तो, कुणालाही विचारा."

अनयने शिवांगीकडे पाहिलं. तिने मान हलवली. त्याने बोटं मोजली. "दोन-सात-एक. दहा होतात."

"होतात."

"मग नऊची पुढची कुठली?"

"तीन-सहा-शून्य धरा. किंवा तिनातलीच दुसरी कुठली. दोनमधल्या नऊच्या सगळ्या मागे राहिल्या, आणि आकडा मागे नेता येत नाही."

"मग तीन काढा."

"काढू की. पण तीन म्हणायला आत काहीतरी मोठं नवीन हवं. ते कुणीतरी लिहावं लागेल." धैर्यशीलने विचारलं, "तुम्ही लिहिता? एके काळी कोडिंग केलंय ना."

अनयच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "तुम्ही हे मुद्दाम केलंत."

"मी विचारलं होतं, आहे तसं पाठवू का. दिनकरराव इथेच होते."

"विचारलं होतं त्याने," दिनकरराव कोपऱ्यातून म्हणाले. ते नियमाचे पक्के होते. त्यांच्याबद्दल चांगलं म्हणण्यासारखं तेवढंच होतं.

अनय दोन फेऱ्या मारून आला. आवाज एकदम मऊ झाला. इतका मऊ की धैर्यशीलला मघाचा मग्रूर आवाज बरा वाटला.

"धैर्यशीलभाई, घरचेच आहात तुम्ही. तुम्हीच लिहा ना तीन. उद्यापासून सुरू करा. तुमचं पण नाव घालू, माझ्या खाली."

"उद्यापासून नाही जमणार."

"मग कधी?"

"वर्ष सरल्यावर बघू. यंदा आमच्याकडे नवीन काही सुरू करत नाहीत."

अनयने बापाकडे पाहिलं. दिनकररावांनी पंचांग मिटून खिशात घातलं.

"बरोबर आहे त्याचं," ते म्हणाले.