कोटाच्या बाह्या

दार उघडंच होतं. ती सरळ आत गेली, चपला काढून भिंतीशी नीट लावल्या आणि पुढचं कोणी सांगेल म्हणून उभी राहिली.

खाटेवर एक म्हातारे गृहस्थ उशीला टेकून बसले होते. शेजारी चाळिशीची एक बाई सुपाची वाटी घेऊन त्यांची मनधरणी करत होती. तिने वळून पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग विचार बदलून वाटी पुढे केली.

"जरा बघता का? माझ्या हातून घेत नाहीत."

नाटकाची सुरुवात तर झकास होती. अशा नाटकांना रंगमंच नसतो, पडदा नसतो, खुर्च्यांच्या रांगा नसतात. कधी एका वेळी एकच प्रेक्षक आत सोडतात आणि जे हातात देतील ते त्याने मुकाट्याने करायचं. तिला या प्रकाराचं वेड होतं. बंद पडलेल्या गॅरेजात, कोरड्या पोहण्याच्या तलावात, कुणाच्या तरी माळ्यावर, कुठे कुठे जाऊन तिने नाटकं पाहिली होती. एकदा एका नटीबरोबर प्रयोगभर भांडी घासून ती घरी आली, तेव्हा आनंदाने रडत होती. तिकीट काढून दुसऱ्याची भांडी घासणारी ही जगातली एकटीच बाई, असं नवरा येईल त्याला सांगायचा. घरची भांडी काय वाईट होती, असं सासूबाई विचारायच्या. आज मात्र त्यांनीच बाळाला मांडीवर ओढून घेऊन तिला जवळजवळ ढकलूनच बाहेर काढलं होतं.

बाळ झाल्यावर ती दोनदा नाटकाला जाऊन आली होती आणि दोन्ही वेळा दगडासारखी बसून राहिली होती. दुसऱ्या खेपेला अंधारात एक नट तिचा हात धरून ओक्साबोक्शी रडला आणि तिच्या मनात एवढंच आलं, की बाळाच्या दुधाच्या बाटलीचं बूच उकळून ठेवलं की नाही. घरी येऊन ती कुणाला काही बोलली नाही. आतलं काहीतरी विझलं असेल तर वारा घालून काय उपयोग? आजही तसंच झालं तर हा नाद सोडायचा, असं तिने ठरवून टाकलं होतं.

ती खाटेच्या कडेला टेकली.

"उशीर केलास," म्हातारे म्हणाले. शब्द जरा जड उमटत होते. "कोट कधीचा पडलाय तुझा."

कुठला कोट, असं विचारणारा प्रेक्षक कच्चा. तिने चमचा भरला.

"घरात अडकले होते, काका. झाला का तयार?"

"होतोय कसला. बाह्या राहिल्यात. माप दिलंस का धड?"

मग गप्पा लागल्या. हल्लीचं कापड कसं पाण्यात घालताच आटतं, पैसेवाली गिऱ्हाइकंच घासाघीस कशी करतात, बायका कोट शिवायला टाकून विसरतात कशा. बोलता बोलता वाटी रिकामी झाली. ती तिने खाली ठेवली आणि शिंप्यापुढे धरतात तसा हात लांब करून खाटेशी वाकून उभी राहिली.

त्यांनी उजव्या हाताने खांद्यापासून वीत टाकली. कोपरापाशी आल्यावर थांबले. डावा हात चादरीवर दुसऱ्याच कुणाचा तरी असल्यासारखा पडून होता. त्याच्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग तो हलला. थरथरत, मध्येच अडत वर आला. बोटं उघडली नाहीत, पण मिटलेली मूठच त्यांनी तिच्या कोपराला लावली, खूण धरून ठेवायला, आणि उजव्या हाताने पुढची वीत मनगटापर्यंत टाकली.

मागे ती बाई तोंडावर ओढणी दाबून उभी होती. काय काम करतात हे नट, हिच्या मनात आलं. आवाज चढवणं नाही, काही नाही. तिचा खांदा भरून आला होता, तरी तिने हात खाली घेतला नाही.

नाटक संपल्याची खूण काही होईना. शेवटी त्या बाईनेच तिला हाताला धरून जिन्यापाशी नेलं आणि हलक्या आवाजात म्हटलं, "तुमचं नाटक खालच्या मजल्यावर आहे."

"म्हणजे हे..."

"हे आमचं घर."

तिच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. ती माफी मागणार होती. पण त्या बाईनेच आधी हात जोडले. खालची जागा नाटकवाल्यांनी भाड्याने घेतल्यापासून लोक चुकून एक जिना जास्त चढत होते. पहिला असाच एक जण येऊन खाटेवर बसला, तेव्हा अर्धांगाचा झटका आल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडून राहणारे बाबा त्याच्याशी बोलू लागले. तेव्हापासून प्रयोगाच्या वेळी ती दार उघडं ठेवायची.

"त्यांना वाटतं, जुनी गिऱ्हाइकं येतात," ती म्हणाली. "लोकांना फसवणंच हे, कळतं मला. पण व्यायाम घ्यायला माणूस येतो, त्याला ते हात लावू देत नाहीत. आज पहिल्यांदा तो डावा वर गेला. आणि आता हे खालचे नाटकवाले परवा जागा सोडून चाललेत. रागावू नका, ताई."

रागवायचं कुठलं. ती भिंतीला टेकून उभी होती. मघापासून तिच्या मनात ना बाटली आली होती, ना बूच, ना बाळ. तिचा जीव भांड्यात पडला. आतलं काही विझलं नव्हतं, सगळं जागच्या जागी होतं. ती हसली, तेव्हा ती बाईही हसली आणि दोघींनी गुपचूप डोळे पुसले.

चपला आतच राहिल्या होत्या. ती त्या घालायला गेली तेव्हा लेक वाटी घेऊन स्वयंपाकघरात वळली. म्हाताऱ्यांनी नुसत्या मानेने हिला जवळ बोलावलं.

"पोरीला बोलू नकोस," ते म्हणाले. "तिला वाटतं, माझं डोकं गेलंय. लोकांना आत आणायला बिचारी एवढी खटपट करते, मग मीही सोंग वठवतो, दुसरं काय करू?" थोडा दम खाऊन त्यांनी विचारलं, "हात बरा गेला ना वर? तिला दिसला तिकडून?"

"चांगला दिसला."

त्यांनी मान उशीवर टाकली. आतून नळाचा आवाज येत होता.

"बाह्या कधी होतील, काका?" तिने मुद्दाम मोठ्याने विचारलं, आत ऐकू जाईल असं.

"शनिवारी ये ट्रायलला." त्यांची नजर तिच्या खांद्यावर गेली. तिथे दुधाचा एक पांढरट डाग वाळलेला होता. घरातून निघताना तिला तो दिसलाच नव्हता. "हे ज्याचं काम आहे, त्यालाही आण."

"फार रडतो तो."

"रडू दे," त्यांनी डोळे मिटले. "माप घेताना सगळीच पोरं रडतात."