बोलायला लावायचं काम

दवाखान्याच्या मागच्या खोलीत मिस्त्रींनी बावीस वर्षं दात बनवले. दात म्हणजे कवळ्या. डॉक्टर तोंडाचं माप घेत, प्लॅस्टरचा साचा मागे येई आणि मिस्त्री त्यावर मेण चढवून एकेक दात बसवत. आसपासच्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू त्यांच्या हातचं होतं, पण त्यातल्या एकाशीही ते कधी धड दोन वाक्यं बोलले नव्हते. उत्तर सुचायचं, पण माणूस निघून गेल्यावर.

मोठे डॉक्टर थकले आणि त्यांची मुलगी दवाखाना बघू लागली. पहिल्याच महिन्यात तिने मिस्त्रींना बोलावलं.

“काका, तुमच्या कामात खोट नाही. पण लोक कवळी जेवताना लावतात आणि बोलताना काढून ठेवतात. मी तोंडात बघते तेव्हा सगळं ठीक दिसतं. कुठे अडतं ते माणूस बोलला तरच कळणार. सोमवारपासून तुम्ही पेशंटसमोर बसायचं. अर्धा तास. त्यांना बोलायला लावायचं.”

“मी?”

“दात तुम्ही बनवता. ऐकून कळेल ते तुम्हालाच.”

मिस्त्रींना त्या दिवशी डबा गेला नाही.

सोमवारी पहिले आले एक निवृत्त शिंपी. मिस्त्री म्हणाले, “बोला.”

“काय बोलू?”

“काहीही.”

मग दोघंही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. नंतरच्या बाईंनी तर बाहेर जाऊन तक्रारच केली, “तो माणूस नुसता माझ्या तोंडाकडे टक लावून बघतो हो!”

नर्सबाईंना दया आली. त्यांनी एका चिठ्ठीवर दहा प्रश्न लिहून दिले. घरी कोण कोण असतं, झोप लागते का, वेळ कसा जातो, असे. मिस्त्रींनी ते पुन्हा पुन्हा वाचले आणि घरी ताईवर सराव करायचं ठरवलं. मेव्हणे गेल्यापासून, म्हणजे नऊ वर्षं, ताई त्यांच्याकडेच राहत होती. सकाळी डोळे उघडल्यापासून तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा आणि मिस्त्री ‘हं’ आणि ‘बरं’ या दोन शब्दांत दिवस निभावून न्यायचे.

“ताई, आज तुझा दिवस कसा गेला?”

ताईने हातातला डाव खाली ठेवला. “काय फोडलंस?”

“काही नाही.”

“मग अंग गरम आहे का बघू.”

दवाखान्यात चिठ्ठीने आणखीनच पंचाईत केली. मिस्त्री एकामागून एक प्रश्न वाचत सुटले, तेव्हा एका मास्तरांनी विचारलं, “हा जबाब तुम्ही कोर्टात देणार आहात का?”

आणि मग त्या बाई आल्या. सून त्यांना घेऊन आली होती. “आमच्या आई तीस वर्षं बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत होत्या,” ती म्हणाली. “बोलण्यात कुणाला हार जायच्या नाहीत. चार महिन्यांपूर्वी कवळी बसवली आणि तेव्हापासून घरात नुसतं हूं-हूं. सख्ख्या बहिणीचा फोन आला तरी, झोपलेय म्हणून सांग, अशी खूण करतात.”

कवळी मिस्त्रींच्याच हातची होती. सून बाहेर गेली. बाई तोंडावर रुमाल धरून बसल्या. मिस्त्रींनी पहिला प्रश्न वाचला, बाईंनी मान हलवली. दुसरा वाचला, बाईंनी नकारार्थी हलवली. तिसऱ्याला मिस्त्रींनी चिठ्ठी पालथी घातली.

“बाई, खरं सांगू? मला लोकांशी बोलता येत नाही. आणि तुम्हाला बोलायचं नाहीये. आता हा अर्धा तास काढायचा कसा, ते तुम्हीच सांगा.”

बाईंचे खांदे हलले. त्या हसत होत्या. हसता हसता तोंडून निघून गेलं, “सोप्पं आहे!” आणि त्या ‘सो’बरोबर लांबलचक शीळ वाजली. त्यांनी गपकन रुमाल तोंडाला लावला.

“ही शीळ माझी चूक आहे,” मिस्त्री म्हणाले. “तुमची नाही. चार महिने तुम्ही माझी चूक झाकत बसलात.”

रुमाल हळूहळू खाली आला.

“साठपासून सत्तरपर्यंत मोजाल?”

“साठ, एकसष्ट, बासष्ट...” प्रत्येक आकड्याला शीळ. अडुसष्टपर्यंत येता येता दोघांनाही हसू आवरेना. पण मिस्त्रींना दोष सापडला होता. पुढच्या दातांमागे जास्तीची जागा राहिली होती आणि तिथून हवा निसटत होती. त्यांनी मेणाचा पातळ थर लावून पाहिला. पुन्हा आकडे. शीळ निम्मी झाली.

त्यानंतर बाई तीनदा आल्या. मेण कमीजास्त करता करता गप्पा होऊ लागल्या, म्हणजे बाई बोलत आणि मिस्त्री ऐकत.

“ती चिठ्ठी टाकून द्या आधी,” बाई म्हणाल्या. “अहो, खिडकीशी आलेला माणूस विचारतो गाडीची वेळ, पण मनात भलतंच असतं. एका बाईने मला विचारलं, शेवटची गाडी कितीला? मी म्हटलं, शेवटचीच का हो? तर तिला रडूच फुटलं. मुलगी आजारी होती, तिच्याजवळ जितकं थांबता येईल तितकं थांबायचं होतं तिला.”

“मग तुम्ही काय बोललात?”

“काहीच नाही. माणूस बोलता बोलता एखादा शब्द आपल्यापुढे ठेवून जातो. तो उचलायचा, त्यालाच परत द्यायचा आणि गप्प बसायचं. गप्प बसणं तर तुम्हाला छान येतं की!”

आपल्या गप्प बसण्याचं कौतुक मिस्त्रींनी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

पुढच्या आठवड्यात शिंपी परत आले. “आता काय, मशीन बंद,” ते म्हणाले.

“बंद?” मिस्त्रींनी विचारलं आणि थांबले.

शिंपी वीस मिनिटं बोलले. नजर अधू झाली, तरी नातीसाठी शेवटचा एक फ्रॉक कसा हाताने शिवला, ते सांगत राहिले. ‘फ्रॉक’ म्हणताना त्यांचा खालचा ओठ वरच्या दातांना अडत होता. मिस्त्रींनी समोरचे दात किंचित आखूड केले. शिंप्यांनी जाताना त्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

चौकशीवाल्या बाईंची कवळी पक्की झाली, त्या दिवशी त्यांनी पर्समधून फोन काढला. “बहिणीला लावते. तुम्ही इथेच बसा.”

“मी कशाला?”

“चूक तुमची आहे ना? मग बसा.”

पलीकडून फोन उचलला गेला. “मी बोलतेय... हो गं, मीच. नाही, झोपले नव्हते. कधीच झोपले नव्हते. सांगते सगळं, आधी तू रड थांबव.”

मिस्त्री सवयीने ‘स’ ऐकत होते. थोड्या वेळाने ‘स’ ऐकायचं विसरून ते नुसतं त्या दोघी बहिणींचं बोलणं ऐकत राहिले.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर ताईचं नेहमीसारखं सुरू झालं. शेजारणीचा गळका नळ, दाराची कडी, मग बाजारात भेटलेली जुनी मैत्रीण. “म्हणाली, ये की रविवारी राहायला. म्हटलं बघू. तर ती कडी मी सांगत होते...”

“बघू म्हणजे?” मिस्त्रींनी विचारलं.

“म्हणजे बघू.”

मिस्त्री काही बोलले नाहीत. ताईने घास उचलला, परत ताटात ठेवला.

“जायचंय रे मला,” ती म्हणाली. “पण मी गेले की तू इथे मिठाची गुळणी धरून बसणार. आल्या दिवशीच हे घर इतकं गप्प वाटलं ना, की भीती वाटली. कुणीतरी बोलायला हवं म्हणून सुरू केलं. आता थांबायचं कसं ते कळत नाही. लहानपणी आपण दोघंही घुमे, आठवतं ना?”

मिस्त्रींना आठवलं. पाहुणे आले की दोघं खाटेखाली लपायचे, एकमेकांचा हात धरून. आईने कितीही हाका मारल्या तरी बाहेर यायचे नाहीत.

“किती दमत असशील,” ते म्हणाले.

ताईने डोळे पुसले. “चल, काहीतरीच.”

“रविवारी जा. मी सोडायला येतो. आणि आज मी बोलतो, तू जेव.”

“तू? काय बोलणार तू?”

मिस्त्रींनी पाण्याचा घोट घेतला आणि चौकशीवाल्या बाईंपासून सुरुवात केली. ते अडखळत होते, मागचं पुढे करत होते, मध्येच बराच वेळ थांबतही होते. ताईने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. बऱ्याच वर्षांनी तिचं जेवण गरम असतानाच संपलं.