हंगामी साहेब

पिवळ्या मुळ्याच्या लोणच्याची चकती, कडेला त्याच्याच दातांची खूण — जेवायच्या काड्यांच्या चिमटीत ती केव्हाची अडकून राहिली होती, आणि टेबलावरचा फोन मुका. ज्यांना वर घ्यायचं त्यांना अध्यक्षांच्या कचेरीतून जेवणाआधीच फोन येतो, हे सोलच्या या टोलेजंग इमारतीत लिफ्ट पुसणाऱ्या बाईलाही ठाऊक. आणि आता तर सूप निवून त्यावर तवंग धरला होता... म्हणजे नाहीच. प्यो इन्सॉप विभागप्रमुख होता, विभागप्रमुखच राहिला.

छातीत काहीतरी सैल झालं. आधी वाटलं, दुःखच असेल.

बायकोनं वर्षभर नातेवाइकांत पेरून ठेवलेलं — यंदा यांना 'इमवन', म्हणजे कंपनीतले बडे साहेब, करणार, गाडी, स्वतंत्र खोली... इमवन! कँटीनमधली जुनी थट्टा अशी, की हा शब्द 'इम्सी जिगवन'चा, म्हणजे हंगामी नोकराचा, आखूड केलेला. इमवनचा करार वर्षाचा, दर डिसेंबरला टांगती तलवार. पूर्वी इमवन झालेले ते ओ आडनावाचे साहेब... गाडी आली तशी गेली, आणि मग म्हणे रोज सकाळी टाय बांधून डोंगर चढायला जायचे, नोकरी गेल्याचं शेजाऱ्यांना कळू नये म्हणून.

त्यानं घरी फोन लावला. "नाही झालं गं."

पलीकडे बायकोनं नळ बंद केला. मग, "जेवलात का?"

"जेवतोय."

"सावकाश जेवा मग." बरं झालं, असं ती म्हणाली नाही, पण आवाजात घाई नव्हती, कितीतरी महिन्यांनी.

फोन आला होता गिल दोह्यॉनला. दोघे एकाच दिवशी नोकरीला लागलेले, तेव्हापासून अरेतुरे. इन्सॉप त्याच्या टेबलाशी गेला. इतके दिवस पोसलेला मत्सर त्यानं आत चाचपून पाहिला, तर हाती लागेना. कमरेत वाकून तो म्हणाला, "अभिनंदन, साहेब! आता तुम्ही आम्हाला ओळख दिलीत म्हणजे झालं."

गिल हसला नाही. त्याच्या कपाळावर घाम होता. "गप रे. तू बस इथं... जाऊ नकोस इतक्यात."

हे 'तू' मित्राचं की साहेबाचं? कालपर्यंत एवढ्यावर मी रात्रभर कूस बदलत राहिलो असतो — आणि आता खुर्ची ओढून बसताना त्याला वाटलं, ते यापुढे गिललाच रोज ठरवावं लागणार, बिचाऱ्याला. आपल्याला काय, दोन्ही चालेल...