मडक्याभोवती सहा नळ्या

ओमोडिंगने आपल्या नळीत चपातीचा गोळा कोंबला, आणि त्या दिवसापासून त्याच्या जिवाला घोर लागला.

कारणही तसंच होतं. कॉलेजच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी त्याच्या पोटात बोटं रुतवून विचारलं, "सकाळी काय खातोस?"

"काही नाही."

"दुपारी?"

"चपातीत गुंडाळलेलं ऑम्लेट."

"आणि संध्याकाळी?"

ओमोडिंगने शर्ट खाली ओढला.

"यकृत सुजलंय, बाळा. वय वीस आणि यकृत पन्नाशीचं! आता थेंबही नको."

थेंबही नको म्हणायला नर्सबाईंचं काय जातंय हो! कॉलेजचं गाव सोरोटी, तिथे या पोराचं होतं कोण? बिअर करून विकणाऱ्या असेकेन्येच्या आंब्याखाली (तिला सगळे तोतो, म्हणजे आई म्हणत) रोज पाचला नाचणीच्या बिअरचं मडकं मांडलं जायचं. भोवती सहा जण, प्रत्येकाची लांबलचक नळी मडक्यात. त्यांच्यातच बसणाऱ्या ओलुपोटने मागे पिणं सोडलं, तर टोळक्यातल्या इक्वापने त्याला "भाऊ, चर्च तिकडे आहे" म्हणून वाट दाखवली. तो पुन्हा दिसला नाही. आपलीही तीच गत होणार, या भीतीने ओमोडिंगला झोप लागेना. म्हणून नळी बुजवायला तो गोळा.

गाल आत ओढायचे, गळ्याची घाटी खालीवर करायची, मधून "आह्!" म्हणायचं. नऊ दिवस निभावलं.

"पाखरासारखी चोच काय बुडवतोस, लेका? ओढ की!" इक्वाप ओरडायचा. ओमोडिंग कानशिलं दुखेपर्यंत ओढायचा.

त्या गुरुवारी तोतो किटली घेऊन आली. मडक्यातली बिअर खाली गेली की वरून गरम पाणी घालायचं, हा तिचा रोजचा नेम. शेजारणीशी बोलता बोलता तिने न बघताच ओतलं. पाणी काठावरून उसळलं ते थेट इक्वापच्या पायावर.

"मेलो, मेलो!" इक्वाप चपला सोडून उडाला.

"भरलेलंच?" तोतो मडक्यात वाकली. "तासभर सहा रेडे बसलेत आणि मडकं भरलेलंच? माझी बिअर बिघडली का रे?" तिचा आवाज कापरा झाला. इतक्या वर्षांत तिच्या हाताला कुणी नाव ठेवलं नव्हतं. तिने जवळची नळी तोंडाला लावली. ती नेमकी ओमोडिंगची. काही येईना, तेव्हा बाईने अशी फुंकर मारली की गोळा सुटून समोर बसलेल्या इरियाऊच्या कपाळावर बसला.

ओमोडिंगला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "माझं यकृत..." तो उठत पुटपुटला. "नर्सबाई म्हणाल्या. मी जातो."

पण कुणी हसेना. इरियाऊ तर आपली नळी हळूच पाठीमागे सरकवत होता.

"आण इकडे!" तोतो गरजली. त्याच्या नळीतून च्युइंगम निघालं. पुढच्यातून मेणबत्तीचं मेण, त्याच्या पुढच्या दोन्हींतून कापूस.

"अगं बाई! सगळेच?"

"मी आजच बंद केलं," इरियाऊ म्हणाला आणि एकदम चमकला. "थांबा! म्हणजे कालपर्यंत अख्खं मडकं मी एकटा पीत होतो? तरीच रोज माझंच डोकं ठणकायचं!"

राहिला इक्वाप. नळी छातीशी धरून एका पायावर उभा.

"दे."

त्याच्या नळीत लाकडाची खुंटी होती. चाकूने नीट तासलेली, वापरून गुळगुळीत झालेली.

"कधीपासून रे?" ओमोडिंगने विचारलं.

"ईस्टरपासून."

"दोन महिने? मग रोज येत कशाला होतास? आणि वर मलाच टोचून बोलत होतास!"

"तुम्ही सगळे येता म्हणून," इक्वाप म्हणाला. "नाही आलो तर बसू कुणाजवळ?"

ओमोडिंगला इतका राग आला, आणि इतकं हलकंही वाटलं, की तो मटकन खाली बसला. "आणि ओलुपोट? तो कुणाजवळ बसतो मग?"

इक्वाप वाकून आपल्या चपला शोधू लागला.

"पुरे," तोतो म्हणाली. "घरातल्या नाचणीची साधी पेज करते. सहा वाट्या काढा."

"सात," इक्वाप म्हणाला, आणि ओल्या चपला पायात सरकवून ओलुपोटला बोलवायला गेला.