पेवावरची खोली

गोजरबाईंनी तिसरी घागर ओतली आणि पाणी पुन्हा त्याच कोपऱ्याकडे निघालं. उकंडा गवंड्याने नव्या फरशीवर चिखलाचे बांध घालून ठेवले होते. सिमेंट पक्कं व्हायला आठ दिवस पाणी साचून राहिलं पाहिजे, असं तो बजावून गेला होता. बाकी खोलीत पाणी शहाण्यासारखं उभं होतं. पूर्वेच्या कोपऱ्यात मात्र, जिथे भिंत गोल वळण घेत होती, तिथे ते एकदा फिरायचं आणि जमिनीत जायचं. घरात पाणी भरायला दोन बाया होत्या, पण हे काम गोजरबाईंनी कुणाला करू दिलं नव्हतं. पाणी कुठे जातं ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

त्या कोपऱ्याखाली धान्याचं पेव होतं. दोन पुरुष खोल, तोंडाशी निमुळतं आणि पोटात रांजणासारखं फुगलेलं. संवत छप्पन्नच्या मोठ्या दुष्काळात पिंपळगाव राजातले लोक झाडांचा पाला उकडून खात होते. गोजरबाई तेव्हा नुकत्याच या घरी नांदायला आल्या होत्या, आणि घरची अकरा माणसं याच पेवातल्या ज्वारीवर जगली होती. पुढे बऱ्याच वर्षांनी एकदा पेव उघडल्या उघडल्या एक गडी घाईने आत उतरला, कोंडलेल्या वाफेने गुदमरला आणि वर आला तो दोरीला बांधूनच. गोजरबाईंचे यजमान शेषराव पाटील यांनी त्याच दिवशी त्यांना सांगितलं की भगवंताकडून पेव तळापासून मातीने भरून घे, आणि ते कापसाच्या गाड्यांबरोबर खामगावला निघून गेले.

भगवंता म्हणजे त्यांचा सालदार. तो मातीची टोपली घेऊन उभा राहिला आणि गोजरबाईंना काही धीर होईना. ज्याने आपल्याला घास दिला त्याच्या तोंडात माती कशी घालायची? त्यांनी पेवाच्या तोंडावर एक शिळा ठेवायला लावली, वर हातभर माती ठोकून घेतली, सारवलं आणि हळदकुंकू वाहिलं. पाटील परतले तेव्हा अंगण कसं गुळगुळीत होतं. भगवंता दोन वर्षांनी तापात गेला, आणि खालच्या पोकळीची खबर एकट्या गोजरबाईंना उरली.

दहा-बारा वर्षं काही बिघडलं नाही. बिघडलं ते मुलगा पंजाबराव नागपूरहून वकिलीची सनद आणि एक मित्र घेऊन आला तेव्हा. मित्र आर्किटेक्ट होता. म्हणजे तो घर बांधत नाही, घराचं चित्र काढतो आणि बांधणाऱ्यावर रागावतो, असं उकंडाने गावाला समजावून सांगितलं होतं. त्या मित्राने अंगणात फक्कीच्या रेघा ओढल्या. पुढून गोलाकार खोली, मोठाल्या काचेच्या खिडक्या, वर सिमेंटचा सपाट स्लॅब. खोली पंजाबची आणि त्याच्या बायकोची, विमलची. खाली जुनी विहीर, पेव असं काही आहे का, असं त्याने विचारलं. पाटील म्हणाले, पेव होतं, पण बुजवलंय. नक्की तळापासून का, असं पाहुण्याने पुन्हा विचारलं तेव्हा पाटलांना तो संशय झोंबला. त्यांनी सगळ्यांदेखत बायकोला हाक मारली.

गोजरबाई दारात आल्या. समोर नवरा, शेजारी परका माणूस, आणि कान देऊन उभा असलेला उकंडा. इतक्या वर्षांची लबाडी कबूल करायची ती जागा नव्हती.

"तळापासून भरलं हाय," त्या म्हणाल्या. आणि कुणी मागितली नसताना पुढे म्हणाल्या, "पंजाबच्या गळ्याची आन."

तिथेच घात झाला. नुसतं खोटं असतं तर एखाद्या दिवशी नवऱ्याच्या शिव्या खाऊन मोकळं होता आलं असतं. पण खोटी आन उघडी पडली की ज्याच्या गळ्याची घेतली त्यालाच ती भोवते, याबद्दल गोजरबाईंच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. झाकलेली आहे तोवर ती निजलेली असते. पंजाब एकुलता एक होता, आणि त्याच्या आधीची तीन त्यांनी आपल्या हाताने पोचवली होती.

तरी त्यांनी एकदा धीर केला. स्लॅबच्या सळ्या बांधणं चाललं होतं आणि पंजाब खाली उभा राहून पाहत होता.

"पंजाब, त्या कोपऱ्यातलं तुले काही सांगायचं हाय."

तो आईकडे वळला आणि वरून ओढत नेलेल्या सळईचं टोक त्याच्या हनुवटीखाली गळ्याला ओरबाडून गेलं. रक्त फार आलं नाही. रुमाल दाबून धरत तो म्हणाला, सांग ना माय. गोजरबाईंना वाटलं, आन जागी झाली. त्या हळद आणायला म्हणून आत गेल्या आणि पुन्हा त्या विषयावर आल्याच नाहीत. मग फरशी झाली, आणि त्या घागरी ओतत बसल्या.

बांध फोडल्यावर आठवड्याने भिंत आणि फरशीच्या सांध्यात केसाएवढी भेग दिसली. उकंडाने ती लिंपली. ती पुन्हा दिसली, या खेपेला सुतळीएवढी. सिमेंट वाळताना अशी भेग पडायचीच, असं आर्किटेक्टने पत्राने कळवलं आणि सगळे निर्धास्त झाले. उकंडा तेवढा एका दुपारी तिथे पहार ठोकून कान लावून बसला होता. पण पाटलीणबाईंनी पोराच्या गळ्याची आन घेतलेली त्याने स्वतः ऐकली होती, तेव्हा त्यानेही पहार उचलली.

वास्तुशांत झाली. विमलच्या माहेरचा शिसवी पलंग चौघांनी उचलून दाराशी आणला, तेव्हा गोजरबाई उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिल्या.

"हे खोली मले पाह्यजे."

पाटलांना आधी थट्टा वाटली, मग लाज वाटली. पंजाबने आईचं तोंड पाहिलं आणि पलंग माजघरात न्यायला सांगितलं.  विमलचे डोळे मात्र भरून आले. गावाला तर आठ दिवस पुरेल एवढा विषय मिळाला. म्हातारपणी काचेच्या खिडकीत बसून मिरवायची हौस आली, असं बाया विहिरीवर म्हणत, आणि ते फिरून गोजरबाईंच्या कानावर येई. त्यांना ते लागलं. फार लागलं. पण माजघराखालची जमीन भरीव होती, आणि पोरं तिथे निजत होती.

त्यांनी आपली बाज त्या कोपऱ्यातच टाकली. खोलीत कुणाला येऊ दिलं नाही. विमल चहा घेऊन आली की त्या आतून म्हणायच्या, "तिथंच ठेव. आत येऊ नोको." ती कप उंबऱ्यावर ठेवून निघून जायची. मग गोजरबाई पदरातली मूठभर ज्वारी काढून रुंदावत चाललेल्या भेगेत सोडायच्या. दाणे खाली बराच वेळ घरंगळत राहायचे.

"मीच हाय इथं," त्या भेगेला सांगायच्या. "दुसरं कोनी नाही."

दोन महिने असे गेले. एका दुपारी पंजाब हातात पत्र घेऊन उंबऱ्यापाशी आला. त्याच्यामागे विमल होती, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती हसत होती. पंजाब म्हणाला की झालं ते बरंच झालं, आता कुणाच्या मनात काही राहायचं नाही. मित्राला त्याने सगळं कळवलं होतं आणि त्याचा नवा नकाशाही आला होता.

"तो म्हन्ते, तुह्या मायनं आन घेऊन सांगितलं तेवढी पक्की जमीन असन, तर वर अजून एक मजला झेपते. आमची खोली तुह्या डोक्यावर, माय. आता तं खूश?"

गोजरबाईंनी तोंड उघडलं. मुठीतली ज्वारी घामाने ओली झाली होती. पंजाबच्या गळ्यावर सळईचा व्रण होता, आता पांढरा पडलेला, दोऱ्यासारखा बारीक. त्यांनी तो पाहिला आणि तोंड मिटलं.

अंगणात विटांची पहिली बंडी येऊन लागली होती, आणि उकंडा गाडीवानाला बैल सोडायला सांगत होता.