पाठ सोडलेले जीव

कासवाचं काय करायचं हे कोलशेतच्या आवडाबाईला कोणी विचारलं नव्हतं, तरी निकाल तिनेच दिला. "लग्नाच्या घरी देव चालून आलाय. हळद झाल्याबिगर तो खाडीत जायाचा नाय." मुलगा काळुराम दोन इमारतींचा मालक, पण आईपुढे अजून मान खाली घालतो. चिखलात जाळ्यात गुरफटलेलं ते भलंथोरलं समुद्री कासव त्याने टेम्पोतून घरी आणलं आणि अंगणातल्या हौदात खाडीचं पाणी भरून त्यात सोडलं.

खरं सांगायचं तर आवडाबाईला देव हवाच होता. आठवड्यापूर्वी शहाडच्या मावसबहिणीने, लक्ष्मीने, तिच्या कानात सांगितलं होतं, "प्रितम पिऊन आला की आईवर हात उचलतो. पोर देऊ नको." प्रितम म्हणजे शहाडचाच, नातीचा, कृतिकाचा, होणारा नवरा. पत्रिका वाटून झाल्या होत्या, मांडव उभा होता. आवडाबाई ते गिळून बसली. लग्न झालं की पोरं सुधारतात, असं तिने स्वतःला हजारदा बजावलं, पण घास काही खाली उतरेना. तेवढ्यात कासव आलं. देवानेच कौल दिला म्हणून तिचा जीव भांड्यात पडला.

कृतिका प्राणिशास्त्र शिकलेली. ती हौदावर वाकली आणि ओरडली, "आजी, इकडे ये, बघ!"

कासवाच्या पाठीवर पांढरी कवचं चिकटली होती आणि त्यांच्या फटींत तांदळाच्या कण्यांएवढे शेकडो जीव वळवळत होते.

"किडे परले काय गो?"

"नाही गं, कोळंबीच्या नात्यातले आहेत. यांचं घरच हे. पाठीवरच खातात, पाठीवरच पोरं होतात. पण एवढे वाढलेत म्हणजे कासव खूप दिवस सुस्त पडलेलं असणार. आजारी आहे ते. वनखात्याला फोन करू?"

"हळद होऊं दे. मग कर."

कृतिकाने आजीचा शब्द कधी मोडला नव्हता. तिने फोन खाली ठेवला.

हळदीच्या दिवशी बायकांनी आधी कासवाच्या पाठीला हळद लावली. लग्नविधी लावणाऱ्या धवलारणीने खणखणीत आवाजात देवादिकांची गाणी म्हटली. पंगती उठल्यावर आवडाबाई फूल वाहायला एकटीच हौदाशी गेली, आणि फूल हातातच राहिलं.

पाठ रिकामी होती. पांढरी कवचं जागच्या जागी, पण त्यांच्यात काहीच हलत नव्हतं. सगळे जीव हौदाच्या भिंतीला, पाण्याच्या कडेला दाटी करून बसले होते.

तिचा नवरा गेला त्या दिवशी त्याच्या डोक्यातल्या उवा अशाच उशीवर आल्या होत्या. सासू म्हणाली होती, "डोकं सोडलं त्यांनी. तोंडात पाणी घाल आता." अंग थंड पडायला लागलं की त्यांना आधी कळतं, माणसांना मागून. आवडाबाईने बोटाने कासवाच्या मानेला स्पर्श केला. मान हलली नाही.

देव कसला? मरायला टेकलेला मुका जीव होता तो, आणि कौल तिने आपल्या सोयीने लावून घेतला होता. तिला स्वतःची लाज वाटली. आता सांगायचं, कासवाचंही आणि प्रितमचंही. पदर खोचून ती मांडवात शिरली.

शहाडच्या बायका नवऱ्याची उष्टी हळद घेऊन नुकत्याच पोचल्या होत्या. बँजो थांबला होता. काळुराम हात जोडून सगळ्यांना या-बसा करत होता. त्या बायकांत लक्ष्मीही होती. आवडाबाईला बघून तिने नजर खाली घातली.

पाटावरून कृतिकाने हाक मारली, "आजी, बघून आलीस ना? देव कसा आहे?"

सगळा मांडव आवडाबाईकडे बघायला लागला. चारशे माणसं, व्याही, काळुरामचा हसरा चेहरा.

"बरा हाय," ती म्हणाली.

"मग ठीक," म्हणत कृतिकाने गाल पुढे केला, आणि शहाडच्या बायकांनी प्रितमच्या अंगाची हळद तिला लावली.